सूर्यास्ताच्या आत

आज पाच वाजून पंधरा मिनिटांनी मावळतो.
फ्रिजवरच्या कॅलेंडरात तिनेच गोल करून ठेवलाय आकडा.
त्यानंतर शब्बाथ लागतो,
त्यानंतर ओव्हन नाही, सुरी नाही, घाई नाही.
आत्ता सव्वातीन वाजलेत
आणि मी, हार्लन टेस्के,
तीस वर्षं डुकरांचा ट्रक हाकलेला माणूस,
अक्रोड कुटतोय.

आर्व्हिला बाहेरच्या खोलीत, नव्या खुब्यासकट.
पाय उशीवर आडवा,
आवाज मात्र टाचा रोवून उभा.
"पीठ नको करूस. भरड ठेव."
किती भरड?
"खडी नको. वाळूही नको."
असले पत्ते सांगणाऱ्यांकडेसुद्धा
मी आयुष्यभर माल वेळेवर पोचवलाय,
तेव्हा कुटतो.

कांदा जरा लागला. तिला वास गेलाच,
पण काही बोलली नाही.
मग पाच अंडी, डबाभर कॉटेज चीज,
आणि मक्याचे पोहे, सकाळी दुधात घालतो तेच,
किती ते कार्डावर लिहिलेलंच नाही.
"हाताला कळेल," ती म्हणते.

माझ्या हाताला वेगळंच कळतं.
आई मंगळवारी मीटलोफ करायची, गाईच्या खिम्याचा.
कालवायचं काम माझं.
गार चरबी नखांत जाऊन बसायची
आणि शाळेत बुधवारी दुपारपर्यंत
पेन्सिलीला तिचा वास यायचा.
तो गोळा आपला आपण धरून असायचा.
कुणी धरा म्हणावं लागायचं नाही.

हा गोळा धरत नाही.
बोटांमधून सांडतो, पुन्हा गोळा करतो,
पुन्हा सांडतो.
अजून मूठभर पोहे.
खिडकीबाहेर बर्फ निळं पडायला लागलंय.

लग्न केलं तेव्हा तिच्या चर्चमधल्या बायका
माझ्याशी फार नीट बोलायच्या.
फारच नीट.
हिने जन्मात मांस चाखलेलं नाही
आणि नवरा कोण, तर सिग्नलला थांबला
की ज्याच्या गाडीच्या फटींतून
ओल्या, गुलाबी नाकपुड्या बाहेर येतात,
थंडीत वाफ सोडत.
शेजारच्या गाडीतली पोरं त्यांना टाटा करायची.
मी रेडिओ मोठा करायचो.

ती मला एकदाही काही म्हणाली नाही.
बावीस वर्षांत एकच वाक्य, रोज संध्याकाळी,
दार उघडायच्या आधी, आतून:
"बूट बाहेर काढ."
माझे कपडे ती वेगळे धुवायची.
वेगळे, पण धुवायची.

चार वाजता साचा ओव्हनमध्ये.
वरून केचप आणि ब्राऊन शुगर, ब्रशने, दोन हात.
पावणेपाचला बाहेर काढला
तर दिसायला अगदी आईचा.
कडा काळपट, वर तकाकी.
मला उगाच फसवल्यासारखं वाटलं,
कोणी कोणाला ते कळेना.

"कापू नकोस हां! रात्रभर बसू दे.
उद्या चर्चमध्ये जेवायला गार कापायचा,
तेव्हा चकत्या पडतात."
मी कापला. कोपऱ्याचा, एकच तुकडा.
सुरीखाली भुगा झाला.
भुगा तळहातावर घेऊन गेलो तिच्याकडे,
चोर पकडून देतात तसा, स्वतःलाच.

डोळे मिटून चावला तिने.
वेळ घेतला.
"मीठ कमी आहे."
घड्याळात पाच सतरा.
"आता?"
"आता काय. राहू दे."
आणि हात पुढे केला, अजून मागायला.

अक्रोडाची टरफलं, कांद्याची सालं
मागच्या अंगणातल्या ढिगावर टाकून आलो.
बर्फ घोट्यापर्यंत.
ट्रक विकून चार वर्षं झाली.
दाराशी वाकलो, नाडी सोडत होतो,
तेवढ्यात आतून हाक आली:
"बूट!"