रुमालाखाली

शाहूपुरीत गुळाचा सौदा निघायचा तेव्हा
भाव तोंडानं कुणी सांगायचं नाही.
अडत्याच्या हातावर रुमाल पडायचा,
खाली दुसरा हात शिरायचा,
बोटं बोटांना धरायची, सोडायची,
आणि वर दोघांचे चेहरे
देवळात बसल्यासारखे.

मी बाळगोंडा मगदुमांचा दिवाणजी. बावीस वर्षं.
कीर्द माझी, खतावणी माझी,
तिजोरीची एक किल्ली माझ्या करगोट्याला.
त्या दिवाळीला पेढीची पाटी बदलली:
मगदूम आणि चवरे.
सत्ताप्पा चवरे. कालपरवाचा गाडीवानाचा पोर,
रव्याला टिचकी मारून गूळ ओळखायचा,
हसला की हमालसुद्धा पोती खाली ठेवून हसायचे.
पाटी रंगवून आणायला मलाच धाडलं.
रंगाऱ्याला अक्षरं मी लिहून दिली.
शुद्ध.

माघात धाकटे मगदूम गुऱ्हाळावर गेले, जिनगोंडा.
रात्रीचं आधण. काहील रटरटत होती.
पाय घसरला.
गुळव्यानं पाहिलं, जळव्यानं पाहिलं,
त्यांना ओढून काढताना सत्ताप्पानं
दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून घेतले.

मी खोटं काही बोललो नाही.
हवं तर आजही वही उघडा.

दिवस उरकल्यावर मालकांना नुसतं विचारलं,
“सत्ताप्पा त्या रात्री तिथं कशाला होता?”
आणि लगेच, “जाऊ द्या. माझं आपलं खुळं डोकं.”
आठवड्यानं म्हणालो, “हात फार भाजलेत बिचाऱ्याचे.
वाचवताना भाजले म्हणतात.”
म्हणतात.
एवढं वजन पारड्यात टाकलं
आणि काट्याकडं बघितलंच नाही.
मालकांनी मला खुर्ची दिली.
बावीस वर्षांत पहिल्यांदा.

रुमालही खराच होता.
जिनगोंडांचा, कोपऱ्याला पाकाचा डाग,
त्या रात्री घाईत कुणी सत्ताप्पाच्या हाताला गुंडाळलेला,
मग त्याच्याच कोटाच्या खिशात राहून गेलेला.
मी कोट खुंटीवरून काढला,
धूळ होती म्हणून झटकला, मालकांच्या देखत.
खाली पडलं ते
मी उचललंसुद्धा नाही.

पाडव्याला सत्ताप्पाला जेवायला बोलावलं.
आक्काताईंनी आग्रहानं पोळी वाढली,
त्याला घास धरता येईना,
तर मालकांनी स्वतः तूप कालवून दिलं.
हे मी उंबऱ्यातून बघितलं. मला वाटलं, फिटलं.
मग ते त्याला पन्हाळ्याच्या हवेला घेऊन गेले.
वाघबिळाच्या वळणावरनं गाडी परत आली
तेव्हा आत एकटेच होते
आणि काच उघडी होती, थंडी असून.

वैशाखात गुळव्या थकलेली मजुरी मागायला आला.
पैसे मोजता मोजता म्हणाला,
“चवरेमालक नसते तर धाकट्या धन्यांची राखच मिळाली असती.”
मोजणं चुकलं. परत पहिल्यापासनं मोजलं.
त्या रात्री मालकांनी पेढीचं दार आतून लावलं.
कडी तोडायला हमाल आणावे लागले.

सुलाबाई चवरे माझ्याकडंच आली, अर्ज लिहायला.
दुसऱ्या कुणाचं अक्षर तिला माहीत नव्हतं.
लिहून दिला. शुद्ध.
पावलीसुद्धा घेतली नाही.

ती पद्धत कायद्यानं बंद झाली, भाव आता ओरडून ठरतो.
मी राजारामपुरीत लेकाकडं असतो.
उजवा हात थरथरतो, पोरं बघून भितात,
म्हणून सूनबाई त्यावर नॅपकिन टाकून जाते.
खाली बोटं आपली आपण
मिटतात, उघडतात,
कसला तरी भाव सांगत राहतात.
हात घालायला
कोणी येत नाही.