ओळखीच्या फाइली

पतसंस्थेचा संगणक आला तो गोणपाटात गुंडाळून,
लाखेच्या सीलवर बिबवेवाडीची धूळ.
आत चार लाख बारा हजार सहाशे सात फाइली.
एकेक उघडून बघायची म्हटलं
तर मधेच माझी पेन्शन सुरू होईल.

म्हणून आधी ठसे.

मुलाणी सरांची निम्मी नोकरी बोटांच्या ठशांत गेली,
भिंग अजून खिशात असतं.
पहिल्या दिवशी त्यांना मी सांगितलं ते असं:
फाइल गिरणीत टाकायची, सर.
तीच ज्वारी, तेच जातं, तर तेच पीठ,
कितीदाही दळा.
पिठावरून कणीस मात्र परत उभं करता येत नाही.
आणि पायलीत एकच दाणा बदलला तर?
तर सगळंच पीठ वेगळं. रंगसुद्धा.
सर हसले,
म्हणाले, म्हणजे सदाशिव पेठेतले आमचे मराठीचे मास्तर.
एक वेलांटी चुकली
की अख्ख्या पेपरवर भोपळा.

आमच्याकडे यादी असते.
दुकानात विकत मिळालेल्या,
तापकीर गल्लीत कुणी सीडीवर उतरवून दिलेल्या,
कोट्यवधी फाइलींचे ठसे,
चौसष्ट चौसष्ट अक्षरांच्या ओळी.
यादी चांगलं-वाईट सांगत नाही.
एवढंच म्हणते: हिला पाहिलंय.
जिला पाहिलंय, तिला बाजूला काढायचं.

रात्री पावणेबाराला काम लावून मी घरी गेले.
यंत्र एकटंच ओळखत बसलं:
टाइपांचे संच, प्रिंटरचे चालक,
खिडकी मिटतानाचा तो टिंग,
नॉर्वेच्या भाषेतली मदतीची पानं,
जी बिबवेवाडीत कुणीच कधी उघडली नसतील.
सकाळी उरल्या होत्या तीनशे सोळा.

त्यातली एक, नाव पत्त्यांच्या खेळाचं,
आकारही जवळपास तोच.
ठसा परका.
नाव बदलायला माऊसच्या दोन टिचक्या लागतात, हो,
पण पीठ पीठच राहतं.
उघडली. आत दुसरी खतावणी.
मयत झालेल्या अकरा ठेवीदारांच्या नावावर
नवीकोरी कर्जं, हप्ते थकलेले.
सरांनी चहा मागवला. केस तिथंच संपली.

मग पंचनाम्याशी तारखा जुळवताना
बाजूला काढलेल्या ढिगातून एक ओळ वर आली.
एक चित्र. ओळखीचं, म्हणून वगळलेलं.
हिरवी टेकडी, वर निळं आभाळ,
संगणकाबरोबर फुकट येतं ते,
अर्ध्या जगानं रोज सकाळी पाहिलेलं.
रोखपाल हेमलता नेवसे यांनी
त्याची एक प्रत वेगळ्या फोल्डरात ठेवली होती
आणि नाव दिलं होतं:
आमचा प्लॉट, भूगाव.

ठशात नाव धरत नाहीत.
नाव पिठात जात नाही,
ते डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखं बाहेरच राहतं.
म्हणून यादीनं बरोबरच ओळखलं. चूक काहीच नाही.

बाईंनी ती खतावणी लिहिली की नुसती लपवली,
की दोन्ही नाही, ते कोर्ट बघेल.
भूगावला त्यांचा प्लॉट आहे का,
ते मला कुणी विचारलेलं नाही.
अहवालात तसा रकानाही नाही.

ओळखीचं आहे ते, सोडा,
सर दारातून म्हणाले.
हो सर, म्हटलं, आणि ते चित्र
पडदाभर मोठं करून जरा वेळ बसले.
टेकडीवर एकही झाड नव्हतं. हे इतक्या वर्षांत
माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्याच्या ठशाची पहिली चार अक्षरं मला अजून पाठ आहेत:
नऊ, सी, चार, बी.
एखाद्या जमिनीचा गट नंबर असावा
तशी.