दीडशे लक्स

पेटी आली, तिला चोवीस तास कुणी हात लावला नाही.
हवा अंगवळणी पडू द्यायची असते म्हणे चित्राला.
मी मनामाला उतरलो तेव्हा
एक वाजता विमानतळ, तीन वाजता शिडीवर.

मादाम रीमा म्हणाल्या, जोकिम, दीडशे लक्स. एकही जास्त नको.
मी मीटर धरला.
चार हात कॅनव्हास, त्यातला तीन हात नुसता काळोख,
कढईच्या बुडासारखा तपकिरी-काळा,
आणि उरलेल्या हातभर जागेत
एक म्हातारी पोराच्या टाचेतला काटा काढतेय.

ज्योत दिसत नाही.
म्हातारीच्या डाव्या तळव्याआड आहे ती.
दिसतात ती बोटं, कडांना लाल,
लहानपणी टॉर्चवर हात दाबून
आम्ही आपलंच रक्त बघायचो, तशी.

मेणबत्तीचं मला कुणी शिकवायला नको.
ईस्टरच्या आदल्या रात्री वसईत अख्खं देऊळ काळोखात उभं राहायचं,
एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी,
आणि मनगटावर सांडलेलं मेण
गरम असताना सोलायचं नाही, आई दटवायची.
म्हणून मी चूक शोधत होतो:
ज्योत जिकडे झुकते, ओघळ तिकडे हवा.
तिकडेच होता.
चारशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी खोलीत
दार नीट लागत नव्हतं.

पोराचा तळवा थेट आपल्या तोंडावर.
भेगांत माती, अंगठ्याच्या नखाखाली माती.
पाणक्या असेल, मादाम म्हणाल्या, दोन नाणी देऊन बसवलेला.
धुऊन ये, असं चित्रकार त्याला म्हणाला नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी
देणगीदारांच्या ऑफिसातले एक साहेब आले.
पाय जरा जास्तच पुढे येतोय, म्हणाले. कमी करता येईल?
येतं. सगळं कमी करता येतं.
मी दिवा दोन अंश वळवला.
पाय गेला, काटा गेला,
आणि म्हातारी उगाच वाकलेली दिसू लागली,
कुणाच्या तरी पाया पडत असल्यासारखी.

गेल्या ऑगस्टात सल्माबादच्या कॅम्पात
रात्री लाइट गेली. खोलीत आठ जण, भट्टी नुसती.
अंजनेयुलूच्या तळहातात काचलोकरीची कूस,
हेमलाल सुई घेऊन, नाक जवळजवळ हाताला टेकवून,
आणि एसीच्या भोकातून गरम वारा आत येत होता
म्हणून मेणबत्तीभोवती हात धरून मी.
हलू नको रे, हेमलाल म्हणत होता,
त्याला की मला, कळत नव्हतं.
बोटांना चटके बसत होते.
मी हे चित्र आतल्या बाजूने पाहिलंय.

माझ्या या दिव्यांना ऊब नसते.
हात लावा, गार. रंगांसाठी तेच बरं असतं.

रात्री कुलूप लागायच्या आत
परत शिडी आणली.
दोन अंश.
भेगांतली माती आधी आली, मग टाच,
मग सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका,
चित्रकाराने एकदाच ब्रश टेकवून सोडलेला.
मीटर धरला: दीडशे.
एकही जास्त नाही.

सकाळी साहेब आले.
चौकट सरळ आहे का, तेवढं बघून गेले.