हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात अप्पांना जिवंत असावं लागतं,
मुरगूडच्या बँकेत, जेवणाच्या सुट्टीआधी.
मी स्कूटी काढते. ते मागं बसतात ताठ,
जणू फौजेच्या ट्रकात.

यंदा मशीन आलंय.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, बाबा, अंगठा.
ठेवला. तांबडा दिवा.
पुसा जरा. धोतराच्या सोग्याला पुसला. तांबडा.
डावा बघू. तांबडाच.
"रेघाच नाहीत हो यांना,"
पोरगा माझ्याकडं बघून म्हणाला,
जसं काही आम्ही त्या वाटेत कुठं सांडल्या.

सांडल्याच की.

पणजा सिदू बसऱ्याला गेला,
तेव्हा आजा भैरू पाळण्यात होता.
सिदूचा अंगठा भरतीच्या कागदावर राहिला, निळा.
बाकीचा सिदू परत आला नाही.
त्याच्या बदली आली एक जड पितळी चकती, नाव कोरलेली.
पणजीला वाचता येत नव्हतं.
चकती दुधाच्या गाडग्यावर नेमकी बसत होती.
मांजरापासनं तिनं चाळीस वर्षं दूध राखलं.

भैरू इटलीतनं आला, उजवा कान तिकडंच ठेवून.
आल्यावर सोसायटीचं खत, पाटाची पाळी, फाळ्याची पावती,
सगळीकडं त्याचा अंगठा.
तलाठी हसायचा: या, अंगठेबहाद्दर!
भैरूला ऐकू आलं नाही.
शेजारी उभ्या नऊ वर्षांच्या केरबाला आलं.

ते केरबा म्हणजे आमचे अप्पा.
बेळगावच्या बराकीत, दिवे मालवायच्या आत,
एक अख्खी वही भरली त्यांनी:
केरबा भैरू पोवार केरबा भैरू पोवार
पहिल्या रजेवर आले ते सही करतच.
नांगराच्या रुमण्यावर आहे. गोठ्याच्या चौकटीवर आहे.
आईच्या ट्रंकेच्या झाकणाला आतनं आहे,
ती मी फार उशिरा बघितली.

एकाहत्तरचं काही सांगत नाहीत.
मेडल कुठल्या खुंटीला आहे तेही विचारावं लागतं.
एकदाच, भात झोडपताना, आपल्याआपण म्हणाले:
"कापणीला आल्यालं भात हुतं गं.
लोंब्या पार भुईला टेकल्याल्या.
रातभर आमी त्यातनंच पुढं गेलो. सरपटत.
सकाळी बघितलं तर बिल्ल्यात, खिशात, बुटात सगळं भातच.
कुणाचं हुतं कुणास ठाऊक."
आमच्यात अजून कुणी भातातनं आडवं जात नाही.
नातू चेंडू आणायला घुसला तर
ऐंशीकडं झुकलेला माणूस ओरडतो: बांधावरनं!
आणि पाखरं उडतात.

पेन्शनीत आल्यावर अप्पा गुळव्या झाले.
काहिलीतनं रस चढतो, फसफसतो, तांबूस होतो,
आणि एक वेळ अशी येते की घड्याळ कामाचं नाही.
उकळता पाक पाण्यात टाकायचा,
चिमटीत धरून गोळी वळायची,
काहिलीच्या काठावर मारायची: टण.
मग ओरडायचं, उतरा!
तीस हंगाम. एका आदणाला चार-पाच गोळ्या.
त्यात गेल्या रेघा. दुसरं काय.

"हाय की मी हितं, तुझ्याम्होरं,"
अप्पा पोरग्याला म्हणाले. रागावले नाहीत.
"सही करू का? झ्याक येतीया मला."
सही चालत नव्हती.
पोरग्यानं साहेबाला विचारलं, साहेबानं कोल्हापूरला.
मग डोळ्याचं मशीन आणलं.
"मिटू नका, बाबा."
अप्पांनी डोळा मिटला नाही.
किती वेळ मिटला नाही ते मला बघवलं नाही.
हिरवा.

परतताना गुऱ्हाळावर थांबलो.
चुलवाणाचा धूर, चिपाडांचा ढीग, नवी ढेप अजून ऊन.
त्यांनी सहज अंगठा दाबला तिच्यावर, उचलला.
मी वाकून पाहिलं.
खळगा होता. आत काही लिहिलेलं नव्हतं.
"बघतीस काय," अप्पा म्हणाले,
"झाक ती. मुंग्या लागतील."