चौऱ्याऐंशीची फेरी

केकवाल्याकडे आठ होता, चार नव्हता.
"आठ-तीन देऊ का?" पोरगं म्हणालं, "एका वर्षानं काय होतंय?"
शरयू टिपणीसनं काउंटरवर पर्स आपटली:
"ते एक वर्ष मी कमावलंय रे,
एक गुडघा आणि एक मोतीबिंदू देऊन."
शेवटी आठाशेजारी चार साध्या मेणबत्त्या घेतल्या,
निळ्या, काडीसारख्या बारीक.

पौषातला जन्म हिचा.
चरईतल्या आत्यानं तोंड वाकडं करून
पेढ्यांऐवजी बत्तासे वाटले होते म्हणे.
म्हणून दर वर्षी ही स्वतःच पेढे आणते,
अर्धा किलो,
हिशेब चुकता करायला.

माझ्याहून एकतीस वर्षांनी मोठी.
बँकेत पासबुकाच्या रांगेत ओळख झाली,
मशीन बंद होतं आणि आम्ही दोघी चालू.
मी "अहो काकू" म्हणाले तर म्हणाली,
"काकू मी सात जणांची आहे, पुरे.
तू शरयू म्हण."
महिनाभर जीभ अडखळली, मग वळली.

टोरांटोहून मुलगा सांगतो,
आई, पडशील. आई, न्हाणीघरात दांडी लावून घे.
आई, आता जरा जपून.
ती हो हो म्हणते,
कानातलं मशीन काढून चष्म्याच्या डबीत ठेवते.
तो बोलत राहतो,
ती वाल सोलत राहते.

तीन वर्षांपूर्वी हजार चंद्रांचा सोहळा करायचं घाटत होतं.
"मोजले कोणी?" ही म्हणाली,
"निम्मे ढगात गेले,
उरलेल्यांना मी नाइट शिफ्टला होते."
ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात,
डोक्याला हेडफोन, हातात वायरींची टोकं,
नागपूर द्या, कोल्हापूर द्या, लवकर द्या हो ताई.
दर तीन मिनिटांनी मध्ये पडून विचारायचं,
वेळ झाली, वाढवू का?
"मरणाची बातमी तीन मिनिटांत आटपायची," ती सांगते,
"बारशाच्या बातमीला सहा लागायची.
मी ऐकायचे नाही हं.
पण नाक कोणाचं घेतलंय ते कळायचं."

तर आज संध्याकाळी, तलावपाळीला,
केक होडीत कापायचा.
होडीवाल्यानं पाटी दाखवली,
साठीच्या पुढच्यांनी पायडलची होडी घेऊ नये.
"साठीचं कोण आहे इथे?"
तिनं मागं वळून शोधलं.

नारिंगी जाकीट नारायणपेठीवर चढवून
निघालो. मधोमध पोचताच
गुडघे म्हणाले, बास.
"आता पाय तुझे," ती म्हणाली, "दिशा माझी."

कोपिनेश्वराची घंटा, काठावर रिक्षांचा कलकलाट,
पाण्यात दुकानांचे दिवे लांबच लांब ओघळलेले.
वाऱ्यानं मेणबत्त्या पेटेनात.
चौथी काडी, पाचवी काडी.
"राहू दे गं. विझवायचं काम वाचलं."

बोटावरची क्रीम चाटत म्हणाली,
"चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा म्हणतात ना?
चौऱ्याऐंशी तर झाले. लक्षाचं नंतर बघू.
पण पुढचा जन्म मला विचारून द्या म्हणावं."
"काय मागशील?"
बराच वेळ काहीच नाही.
मला वाटलं, मशीन पुन्हा डबीत गेलं.
मग म्हणाली, "तीच खुर्ची. तीच नाइट.
पलीकडून कोणीतरी घाबऱ्या आवाजात विचारतंय,
लागला का हो?
आणि मी म्हणतेय,
लागला. बोला."

मी पायडल मारायचं विसरले.
होडी आपली आपण फिरत होती.

काठावर शिट्टी वाजली.
होडीवाला हात हलवत ओरडत होता,
"आजी, या परत! वेळ संपली!"

शरयू उभी राहिली
(हलत्या होडीत, माझा जीव गळ्याशी)
आणि तोंडाभोवती दोन्ही हात धरून
साऱ्या तलावाला ऐकू जाईल असं ओरडली,

"वाढवा!"