आडनाव पोर्च

सिरिलमामा शपथेवर सांगतो,
आपण फ्रान्सहून आलो, घोड्यावर बसून,
ढालीवर तीन ससाणे होते.
ते ससाणे शोधायला मी नॉरविचच्या दफ्तरखान्यात,
मंगळवारी. आत फक्त शिसपेन्सिल नेऊ देतात.

गुडरमबाई फोमच्या उशीवर वही निजवतात,
पानावर शिशाच्या मण्यांची माळ ठेवतात,
बाळाच्या पोटावर हात ठेवावा तशी.
जुनं अक्षर. एकेकाचं शेपूट खालच्या ओळीत लोंबतं,
पुरलेल्यांच्या नावांतून जन्मलेल्यांच्या नावांत.

पणजोबा, खापरपणजोबा, त्यांच्याही मागे
गवंडी, चांभार, एक मीठचोर,
सहीच्या जागी फुली काढणारा ईलवाला.
जिना उतरत गेले चारशे वर्षं,
आणि फेब्रुवारीत पायरीच संपली.

‘मथायस. चर्चच्या उत्तरेच्या पोर्चमध्ये,
पूर्वेच्या बाकावर सापडला.
म्हणून पोर्च.’

“सत्याण्णव की अठ्ठ्याण्णव?” मी विचारलं,
कारण तेव्हा वर्ष पंचवीस मार्चला बदलायचं.
हेच का विचारलं, ठाऊक नाही.
गुडरमबाई म्हणाल्या, “थंडी तीच.”

मग गावाच्या खर्चाची वही.
विधवा डेनिस कटिंगला, पोराला पाजायचे,
आठवड्याला आठ पेन्स.
जुन्या चादरीचे दोन.
बुटांचा जोड. पुन्हा बुटांचा जोड.
पुन्हा. पाय वाढत होते.
सातव्या वर्षी डगला, तांबडा.
रंग कशाला लिहिला असेल कुणी?
मग ईलवाल्याकडे उमेदवारीला,
आणि खर्च बंद.

माझ्या तक्त्यात मथायसच्या वर दोन चौकोन.
पेन्सिल दोन्हींवर फिरवून आणली, टेकवली नाही.

परतताना गाडी त्या गावाकडे वळवली.
चर्चला कुलूप. पोर्चमध्ये फुलांच्या पाळीचा कागद,
विसरलेली एक छत्री.
पश्चिमेच्या बाकावर बसले,
तर समुद्रावरचा वारा सरळ कानात.
उठून समोर बसले, पूर्वेच्या बाकावर.
इथे वारा लागत नाही.

हात दगडावर ठेवून पाहिला. गारच होता.
पण वारा नाही.
तिला ठाऊक होतं,
किंवा तिनेही आधी त्या बाजूला बसून पाहिलं होतं.

मामाचा फोन दोनदा वाजून थांबला.
मी तिथेच बसून राहिले, पाय जवळ घेऊन.