मूळ देश

कुल्डिगाच्या टपाल कचेरीत खिडकी क्रमांक दोन माझी.
हीटरच्या बाजूची, म्हणून म्हाताऱ्यांची रांग इथेच.
नवा नियम लागला तेव्हा वरून एक कागद आला,
कागदाआधी अफवा, कागदानंतर दुरुस्तीचा कागद,
आणि शुक्रवारी, आधीचे दोन्ही रद्द धरावेत, असा तिसरा.
सोमवारपासून अमेरिकेला सुई पाठवा, जकात आहे.
पूर्वी लहानसहान गोष्टींकडे कुणी बघत नसे.
आता लहानसहान असं काही उरलं नाही.

मिर्दझाबाई दर ऑक्टोबरात येतात,
नेब्रास्कातल्या भावाला लोकरी हातमोजे पाठवायला.
वजन एकशे चाळीस ग्रॅम, माझ्या तळहाताला पाठ.
या खेपेला मी म्हटलं, थांबा, आता हे सगळं भरावं लागतं.

कशाचे? लोकरीचे.
विणलेले की शिवलेले? दिसत नाही का तुला, दैगा.
दहा आकडी वर्गांक मी शोधला, चष्मा बदलून.
मूल्य?
त्या हीटरकडे बघत राहिल्या.
"विकले असते तर माहीत असतं."
मी पंचवीस युरो लिहिले. त्यांना ते जास्त वाटले,
मग कमी वाटले.
मूळ देश?
"पांढरी लोकर इरमाच्या मेंढीची. पुलापलीकडे चरते ती."
आणि लाल?
लाल धागा नवऱ्याच्या जुन्या स्वेटरचा, उसवून काढलेला.
तो स्वेटर ज्या देशाच्या कारखान्यात झाला
तो देश माझ्या यादीत नव्हता.
मी यादी दोनदा वर-खाली सरकवली.
"नाहीच ना?" म्हणाल्या, आणि चक्क हसल्या,
"एवढी वर्षं आमच्या उरावर बसला होता तो."

मागे तृणमणी विकणारा रैमोंड्स खाकरला.
त्याला आपल्या मालाची किंमत पैशासकट ठाऊक असते.

चव्वेचाळीस साली आर्विड्स चार वर्षांचा.
कोळ्याच्या होडीतून, मावशीच्या शालीत गुंडाळलेला,
रात्री स्वीडनच्या दिशेने गेला.
मिर्दझा सात वर्षांची, गोवराने फणफणलेली, म्हणून मागे.
हे सांगताना त्या चौकट नऊमध्ये सही करत होत्या.
"होडीवाल्याने वजन विचारलं होतं," म्हणाल्या,
"मूल्य नाही."

पार्सल गेलं.
तिकडे आर्विड्सना फोनवर निरोप: इतके डॉलर भरा, मग मिळेल.
जकात, वर हाताळणी, त्या हाताळणीवर आणखी आकार.
नाकापेक्षा मोती जड.
पण तिथवर गोष्ट गेलीच नाही.
वृद्धाश्रमात त्यांना बजावलेलं,
पैसे मागणारा निरोप आला की पुसून टाकायचा.
शहाण्या मुलासारखा त्यांनी पुसला.

एप्रिलात खोकं परत आलं,
एक कोपरा चेपलेला, अंगभर स्टिकर.
तेव्हा वेंटाच्या धबधब्यावर मासे उड्या मारत होते,
आणि ते बघायला गावभर कॅमेरे.
परतीचं शुल्क सहा युरो चाळीस.
हा नियम मात्र आमचाच. मला मान वर करता येईना.

मिर्दझाबाईंनी नाणी मोजली, एकेक.
खोकं खिडकीतच फोडलं.
पर्समधून एक कागद काढला,
त्यावर पेन्सिलीने गिरवलेला पंजा, करंगळी जरा वाकडी,
आर्विड्सनी कुठल्याशा नाताळात पाठवलेला.
त्यावर हातमोजा ठेवून पाहिला.
"जमले होते गं," म्हणाल्या.
मग कागद तेवढा परत पर्समध्ये,
आणि हातमोजे काचेखालून माझ्याकडे सरकवले.
"मागच्या गोदामात गारठा असतो, घाल.
पत्राला तर जकात नाही ना?"
नाही, मी म्हटलं.
आजपर्यंत तरी.

मला ते मोठे होतात.
बोटांपुढे, कधी न पाहिलेल्या माणसाची जागा उरते.
ते घालून कळा दाबता येत नाहीत.
रैमोंड्स म्हणाला, काढ ते, माझं पार्सल राहिलंय.
थांब जरा, म्हटलं.